मेईच्या नावाची नळी

१

फिदालिन खोंगविर डिसेंबरात वारली आणि मार्चमध्ये तिची ताजी थुंकी शिलाँगच्या प्रयोगशाळेत तपासणीला आली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हीच पंचाईत होती.

नळी पहिल्यांदा बाह हुनलांगच्या हाती लागली. तो थुंकीतली रसायनं मोजायचा. थुंकी कुणाची, ते माणूस आहे की गेलं, हे त्याच्या गावीही नसे. त्यानं आकडा पाहिला, चहाचा कप खाली ठेवला आणि डॉक्टर दारिहुन मारबानियांगला हाक मारली.

"काँग दारि, मावशुनची ही म्हातारी बघा. पहिल्या फेरीत बरी होती. आता एमडीए छपराला लागलाय, आणि ग्लुटाथायोन औषधालाही उरलेलं नाही."

दारिहुन तोंडाच्या रोगांची डॉक्टर; तिकडे बाह म्हणजे दादा, तशी काँग म्हणजे ताई. ओली सुपारी, पान आणि चुना म्हणजे क्वाई, आणि क्वाईशिवाय तिच्या मुलखात पाहुण्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत. त्या क्वाईनं तोंडातल्या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो. ताण वाढला की थुंकीत एमडीए वाढतो आणि पेशींची राखण करणारं ग्लुटाथायोन घटतं. गावकऱ्यांना ती सांगायची, लोखंडाला गंज चढतो तसं समजा. कॅन्सर व्हायच्या बराच आधी हा गंज थुंकीत पकडता येईल का, याचा शोध ती गेली काही वर्षं घेत होती.

आकडा म्हणजे रोग नव्हे, हे ती विद्यार्थ्यांना उठताबसता बजावायची. पण एवढा गंज तिनं आजवर पाहिला नव्हता. असल्या तोंडात एखादा चट्टा असणार, नाहीतर गाल आखडत आलेला असणार. तो वेळेत सापडला तर माणूस वाचतं.

"घरातले बाकीचे?" तिनं विचारलं.

"पहिल्या फेरीच्या यादीप्रमाणे पाच नळ्या गेल्या, पाच भरून आल्या. थोरली मुलगी रिमाया आणि मुलगा स्केम, दोघंही क्वाईवाले. गंज आहे, पण म्हातारीच्या पासंगालाही पुरत नाही. धाकटी लारिसा आणि तिचा नवरा बानतेई क्वाई खात नाहीत. दोघांचंही ठीक आहे. लारिसाचा मागच्या फेरीत वेडावाकडा आकडा आला होता, मला वाटलं माझ्याच हातून नळी बदलली. या वेळी सुधारला, जीव भांड्यात पडला." हुनलांग हसला. "मात्र दोघांच्या नळ्या लालसर आहेत हं. विचारलं की सगळे पाद्री, नळी बघितली की लाल."

दारिहुननं मावशुनच्या आरोग्य उपकेंद्रात फोन लावला. नर्स नवी होती. फिदालिनबाईंना उद्याच शिलाँगला पाठव, असं सांगितल्यावर ती "बरं" म्हणाली आणि थोड्या वेळानं तिचाच उलटा फोन आला. आवाज पार उतरला होता.

"काँग डॉक्टर, त्यांना पाठवता यायचं नाही. त्या आता देवाच्या घरी क्वाई खातात."

मेलेल्या माणसाबद्दल तिकडे असंच बोलतात.

"मग नळी कुठून आली?"

"त्यांच्या घरातून. पिशवीत पाच होत्या, मी स्वतः मोजून घेतल्या." नर्स अडखळली. "ती नळी हाताला कोमट लागली होती, काँग."

२

दारिहुनला भुताखेतांचं वावडं नव्हतं. भुतं थुंकत नाहीत, एवढाच तिचा आग्रह होता. घरात जिवंत माणसं चार आणि भरलेल्या नळ्या पाच. म्हणजे चौघांपैकी कुणीतरी दोनदा थुंकलं होतं आणि आपलं खरं दुखणं मेलेल्या बाईच्या नावावर खपवलं होतं. ते माणूस शोधायचं आणि उशीर व्हायच्या आत त्याचं तोंड उघडून बघायचं. ती दुसऱ्याच दिवशी निघाली.

मावशुन पिनुर्सलाच्या खाली, उतारावर आहे. सुपारीच्या झाडांत धुकं असं भरून राहिलेलं की दारात उभ्या असलेल्या बाईचा आधी आवाज आला, मग बाई दिसली.

"या, काँग डॉक्टर. मेईला भेटायला आलात ना? ती संध्याकाळी असते."

ही थोरली, रिमाया; मेई म्हणजे तिची आई. शेजारच्या घरात राहायची, पण यादीत नाव याच घरात होतं, आणि बाजारात क्वाई विकायची. तिनं दारिहुनला आत बसवलं आणि क्वाई पुढे केली. दारिहुननं ती घेतली आणि रिवाजाप्रमाणे खिशात ठेवली. नाही म्हणणं तिच्याच्यानं इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

चुलीपाशी वेताचा एक बुटका मोडा होता. त्यावर कुणी बसत नव्हतं. घरात जागा कमी असूनही सगळे त्याला वळसा घालून जात होते.

"मेईचा," रिमाया म्हणाली. "बोळकं तोंड, पण शेवटपर्यंत क्वाई सुटली नाही. रोज संध्याकाळी मी एक क्वाई बशीत घालून त्यावर ठेवते. सकाळी बशी रिकामी."

"उंदीर असतील."

"उंदीर पानाचा देठ खुडून बाजूला ठेवतात का? मेई तसंच करायला लावायची. देठ तेवढा मागे असतो." रिमायाचा आवाज खाली आला. "आमची भिंत एकच आहे, काँग. निजले की पलीकडून चघळल्याचा आवाज येतो. सावकाश, ओला. चाळीस वर्षं ऐकलाय, चुकणार नाही मी. तुमच्या नळीत तीच थुंकली. तिला काहीतरी सांगायचंय."

दारिहुनच्या अंगावर काटा आला. तो तिनं डॉक्टरकीच्या आड लपवला आणि रिमायाला तोंड उघडायला सांगितलं. रिमायानं बिनदिक्कत जबडा वासला. दात विटकरी, हिरड्या खरखरीत, पण गाल मऊ होते. भ्यायचं तूर्त काही नव्हतं.

तेवढ्यात स्केम आला. तो सुमो चालवायचा आणि त्याच्या गालात क्वाई कायमची वस्तीला असे. त्यानं ती मागच्या दारातून थुंकली आणि बाकावर बसला.

"बघा काय ते. मेईनं नळी भरली असेल तर माझं काही म्हणणं नाही. फुकटचं तिला आवडायचंच."

"मेलेल्या आईवर बोलतोस?" रिमाया कडाडली.

"ती हसली असती. तूच काय ती रडकी."

स्केमच्या डाव्या गालात एक पांढरा चट्टा होता. पण तोंड पुरतं उघडत होतं, उभी तीन बोटं सहज आत जात होती. दारिहुननं त्याला खडसावून पुढच्या आठवड्यात शिलाँगला यायला सांगितलं. त्यानं मान डोलावली, न येण्याची.

ती ओट्यावर येऊन विचार करू लागली. एकाच तोंडातून दोन नळ्या भरल्या तर आकडे जवळपास सारखे यायला हवेत. रिमायाच्या किंवा स्केमच्या आकड्यांच्या आसपासही पाचवी नळी नव्हती. राहिले नवरा-बायको, तर त्यांच्या नळ्या स्वच्छ. चारही जिवंत तोंडांचा हिशेब लागत होता, आणि पाचवं तोंड या घरात कुणाचंच नव्हतं.

आत चुलीपाशी मोडा करकरला. तिनं वळून पाहिलं, तर त्यावर कुणी नव्हतं.

३

बानतेई दुपारी बागेतून परतला. हडकुळा, मितभाषी माणूस. बायकोच्या घरी राहणारा जावई जपून बोलतो, तसा तो बोलायचा.

"जानेवारीपासून छातीचं औषध चालू आहे," त्यानं स्वतःहून सांगितलं. "क्वाई लग्नाआधीच सोडली."

"सोडली म्हणे." रिमायानं दोरीवरच्या रुमालांकडे हनुवटी केली. त्यांवर तांबूस-केशरी डाग होते. "मग हे काय, जास्वंदीचा रस? चोरून खातोस तर निदान रुमाल तरी नीट धूत जा."

बानतेई नुसता हसला. दारिहुननं त्याचं तोंड पाहिलं. दात पांढरेशुभ्र, गाल गुळगुळीत. रुमाल आणि दात एकमेकांशी जुळत नव्हते. हे तिच्या मनात टोचलं, पण तेवढ्यात लारिसा चहा घेऊन आली आणि ते तिथंच राहिलं.

लारिसा धाकटी. म्हणून रीतीप्रमाणे घर तिचं आणि आईचं म्हातारपणही तिनंच काढलेलं. गावच्या शाळेत शिकवायची. हसताना तोंडावर हात धरायची आणि इतकं हळू बोलायची की समोरच्याला पुढे वाकावं लागे.

"मी क्वाई खात नाही, काँग. माझं तोंड कशाला बघता?"

"खात नाही, हे खरंय," स्केमनं साक्ष दिली. "लहानपणी एकदा खाल्ली आणि चक्कर येऊन पडली, तेव्हापासून कानाला खडा. कुणालाही विचारा."

"चर्चमध्ये गायची काय सुंदर," रिमाया म्हणाली. "मेई गेली आणि गाणं सोडलं हिनं. मी म्हटलं, दुःख किती दिवस धरायचं? पण ही ऐकेल तर ना."

बानतेईनं तांदळाची एक भाकरी कुस्करून चहात टाकली, तिचा पार लगदा केला आणि वाटी बायकोपुढे सरकवली. बोलण्याच्या ओघात, लक्षही न देता. रोजचं काम असावं तसं.

"तुझ्या नळीत तूच थुंकलीस ना?" दारिहुननं तिला सरळ विचारलं.

उत्तर बानतेईनं दिलं. "हो. माझ्यासमोर."

नवऱ्यानं जरा जास्तच लवकर उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी रिमाया आली. तिनं सुपारीची फोड आणि चुना लावलेलं पान बशीत घेतलं आणि मोड्यावर ठेवून हात जोडले. स्केमनंही टोपी काढली. धुकं खिडकीला लागलं होतं, आणि त्या रिकाम्या मोड्यासमोर तीन मोठी माणसं खाली मान घालून उभी होती. दारिहुनलाही मान खाली घालावी लागली. लारिसा तेवढी बशीकडे बघत होती. भूक लागलेलं माणूस ताटाकडे बघतं, तसं बघणं नव्हतं ते. कामावर जायची वेळ झालेलं माणूस घड्याळाकडे बघतं, तसं होतं.

सकाळी बशी रिकामी होती. देठ बाजूला खुडून ठेवला होता.

दारिहुन नर्सकडे मुक्कामाला होती. बशी बघून परतून येते तो नर्स कपाटातून औषधाची पाकिटं काढत होती. बानतेईचं पाकीटही त्यात होतं, आत मोठाल्या तांबड्या कॅप्सूल.

"बिचारा घाबरला होता सुरुवातीला," नर्स म्हणाली. "मी सांगितलं त्याला, क्षयाच्या या औषधानं घाम, लघवी सगळं केशरी होतं, भिऊ नकोस म्हणून."

दारिहुन बूट काढता काढता थांबली.

"थुंकीसुद्धा?"

"थुंकीसुद्धा."

४

"हुनलांग, त्या दोन लालसर नळ्या उजेडात धर. बानतेईची आणि लारिसाची."

फोनवर काचेचा किणकिणाट ऐकू आला. "लालसर आहेत. म्हणजे... तसं बघितलं तर केशरी. क्वाईची लाली विटकरी असते, ही वेगळी दिसतेय."

"आता दोघांचे आकडे वाच."

त्यानं वाचले. वाचता वाचता त्याचा आवाज मंदावला. दोन्ही जुळ्यांसारखे होते. एवढे सारखे आकडे नवरा-बायकोचे काय, सख्ख्या भावांचेही येत नाहीत.

"एकाच माणसाची थुंकी," तो म्हणाला. "हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"कारण आपण दोघं इथलेच. लाल दिसलं की आपण क्वाई म्हणतो आणि पुढे जातो. बाहेरचा कुणी असता तर त्यानं विचारलं तरी असतं."

बानतेईनं स्वतःची नळी भरली आणि बायकोचीही. मग लारिसाची थुंकी गेली कुठे? उरली एकच नळी, मेईची. मागच्या फेरीत लारिसाचा वेडावाकडा आला म्हणून हुनलांगनं बाजूला ठेवलेला आकडा चुकीचा नव्हताच. तीच त्या गंजाची सुरुवात होती. क्वाई न खाणाऱ्यांची तोंडं तेव्हा कुणी तपासली नव्हती. खुद्द दारिहुननंच तसं ठरवलं होतं, वेळ वाचावा म्हणून. तिला आता स्वतःचाच राग आला.

भाकरीचा लगदा, तोंडावरचा हात, सोडलेलं गाणं. लारिसाचं तोंड उघडतच नव्हतं. तो आजार तिला झोपेतही ओळखता आला असता. सुपारीनं गाल आतून आखडतात आणि जबडा मिटत जातो. कॅन्सरच्या उंबऱ्यावरचा आजार.

"पण ती क्वाई खात नाही," हुनलांग म्हणाला. "सगळं गाव शपथेवर सांगतंय. सुपारीशिवाय हा आजार होतो का?"

दारिहुननं फोन ठेवला. ती चालत रिमायाकडे गेली. रिमाया अंगणात सुपाऱ्या फोडत होती. तिच्या हातातल्या सुरीकडे बघताना दारिहुनला जाणवलं की या घरात आपण एक प्रश्न विचारलाच नाही.

"काँग, मेईला दात नव्हते. मग ती क्वाई खायची कशी? खलबत्त्यात कुटून?"

"होता ना लोखंडी खलबत्ता. दोन दिवसांत फेकून दिला तिनं. म्हणाली, गंजाची चव येते."

"मग?"

रिमायाची सुरी थांबली. ती शेजारच्या घराकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिच्या आवाजात जुना सल होता.

"ते धाकटी बघायची. मेईनं मला कधी जवळ बोलावलंच नाही त्या कामाला."

५

लारिसा चुलीपाशी एकटी होती. दारिहुन तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि स्वतःचं एक बोट उभं धरलं.

लारिसानं तोंड उघडलं. बोट जेमतेम दातांत मावलं, पुढे वाट नव्हती. विजेरीच्या उजेडात गाल आतून पांढरे आणि ताठ दिसले. डाव्या कोपऱ्यात एक लालसर ठिपका होता, तो दारिहुनला मुळीच आवडला नाही.

"तू चावून द्यायचीस मेईला."

"तिचे दात गेले तेव्हापासून." लारिसाचे ओठ नावालाच हलत होते. "मी चावायची, मऊ झालं की बोटानं तिच्या तोंडात ठेवायची. ती मला लहानपणी भात असाच द्यायची. मी गिळत नव्हते, काँग. रसाचा थेंब पोटात गेला नाही माझ्या. म्हणून मी क्वाई खात नाही म्हणाले. खोटं नाही बोलले."

दिवसातून कितीदा, हे दारिहुननं विचारलं नाही. म्हातारी शेवटपर्यंत क्वाईवर होती, एवढं पुरे होतं.

"आणि ती गेल्यावर?"

"काँग रिमाया बशी ठेवते. दिवा मालवला की मेई त्या मोड्यावर येऊन बसते. दिसत नाही, पण बसते. तोंड उघडून वाट बघते. मी देठ खुडते, चावते आणि हातावर घेऊन तिच्यापुढे धरते. ती घेत नाही." लारिसानं डोळे पुसले. "मग टाकून कशी देऊ? मी गिळते."

बानतेई दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा पडला होता.

"तिनं सांगितलं, तोंड कोरडं पडलंय, माझी नळी तू भर," तो म्हणाला. "मी भरली. दुसरी नळी मला ठाऊक नव्हती. जेवण का कुस्करून लागतं, ते मात्र ठाऊक होतं. विचारायची हिंमत झाली नाही. माझी चूक."

"मेईच्या नावावर का घातलंस?" दारिहुननं लारिसाला विचारलं.

"माझ्या नावावर वाईट निघालं असतं, तर गाव म्हणालं असतं, फिदालिननं पोरीला खाल्लं. ते मला नको होतं. पण जाणून तर घ्यायचं होतं. मेलेल्या बाईला कुणी उगाच शोधत येत नाही. चांगलं असतं, तर तुम्ही आला नसता." तिनं दारिहुनकडे सरळ पाहिलं. "काल धुक्यातून तुम्ही दिसलात, तेव्हाच मला कळलं."

आता दारिहुनच्या ध्यानात आलं. आपण रहस्य सोडवायला आलो आणि आपलं येणं हाच या बाईचा निकाल होता. तिनं लारिसाचा हात धरला.

"अर्धंच कळलंय तुला. हा कॅन्सर नव्हे, निदान मला तसं वाटतं. तुकडा काढून तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. पण उंबऱ्यावर आहेस तू. आज शिलाँगला यायचं आणि क्वाई या घटकेपासून बंद. आणखी एकही नाही. तरच मी काही करू शकेन."

लारिसानं हात सोडवून घेतला.

"नाही जमणार."

"जिवावर बेतेल, लारिसा."

"मी गेले तर मेईला चावून कोण देईल? देवाच्या घरी समोर क्वाईचं ताट असेल आणि ती बोळकं तोंड घेऊन बसलेली असेल. रोज येते ती माझ्याकडे. तिला दुसरं कुणी नाही."

बानतेई भिंतीला टेकून उभा होता. बाहेर थेंब टपटपत होते, आणि दारिहुनला खरंच वाटलं की मोड्यावर कुणीतरी बसलंय आणि तेही उत्तराची वाट बघतंय.

उत्तर मागच्या दारातून आलं. रिमाया तिथं कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिच्या गालांवर पाणी होतं, पण आवाज नेहमीसारखाच खरखरीत.

"तिथं दात परत मिळत नसतील, तर ते देवाचं घर कसलं?"

लारिसा तिच्याकडे बघत राहिली.

"रोज बशी मी भरत होते. मला वाटायचं, मेई माझ्या हातचं खातेय. एवढ्या वर्षांत एकदा तरी माझ्या हातचं." रिमायानं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "आणि तुला घालत होते मी. ऊठ."

मग लारिसा हळूच म्हणाली, "तिला सांगायला हवं, माझी वाट बघू नकोस म्हणून. ती आजही येईल."

रिमाया पुढे झाली आणि आजवर ज्याला सगळे वळसा घालून जायचे, त्या मोड्यावर धपकन बसली.

"ते मी सांगते. तू गाडीत बस."